अतिगंध आणि चिकित्सालय : घ्राणेंद्रियाच्या अतियोगाचा व्यावहारिक विचार

प्रास्ताविक

असात्म्येंद्रियार्थसंयोग, प्रज्ञापराध आणि परिणाम ही रोगोत्पत्तीची तीन कारणे आपण सारेच विद्यार्थिदशेपासून जाणतो. त्यांपैकी पहिल्या कारणाचा विचार करताना रसनेंद्रिय व स्पर्शनेंद्रिय यांच्याकडे आपले लक्ष सहज जाते. आहार आणि ऋतू हे तर आपल्या चिकित्सेचे नित्याचेच विषय आहेत. अलीकडे मोबाईलमुळे चक्षुरिंद्रियाचा आणि ध्वनिक्षेपकांमुळे श्रवणेंद्रियाचा अतियोगही चर्चेत आला आहे. घ्राणेंद्रिय मात्र उपेक्षितच राहिले. वास्तविक डोळे मिटता येतात, कानांवर हात ठेवता येतात, जिभेवर पदार्थ न ठेवण्याचे स्वातंत्र्य असते. श्वास मात्र थांबवता येत नाही. त्यामुळे शेजारच्या व्यक्तीने लावलेला गंध आपल्या इच्छेविरुद्ध आपल्या शरीरात प्रवेश करतो. दुसऱ्याच्या आवडीमुळे आपल्याला घडणारा हा इंद्रियार्थसंयोग आहे.

वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या मार्गावरील देवळीसारख्या गावातील चिकित्सालयाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वैशाखातील लग्नसराई, बाहेर ४५ अंशांच्या घरातील ऊन, प्रतीक्षाकक्ष दहा बाय बाराचा, दारे-खिडक्या लोटलेल्या आणि कूलर सुरू. लग्नाच्या वरातीतून थेट आलेले एखादे गृहस्थ आत येऊन बसतात. अंगावर अत्तर, कपड्यांवर स्प्रे, केसांना सुगंधी तेल. पाच मिनिटांत कोपऱ्यातील दम्याच्या आजी खोकू लागतात, अर्धशिशीची तरुणी पदर नाकाला लावून बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहते, दोन महिन्यांच्या गर्भिणीला मळमळ सुटते. त्या गृहस्थांना यातील काहीच जाणवत नाही. अशा वेळी वैद्याने काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वैद्याने काय ओळखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रातील आधार

प्रथमतः एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आयुर्वेद सुगंधाच्या विरोधात नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात गंध व पुष्पमाला धारण करणे हे आयुष्य, पुष्टी व मनाची प्रसन्नता देणारे मानले आहे. आठव्या अध्यायातील सद्वृत्तातही सुगंधी असणे हा सदाचाराचाच भाग आहे. तेव्हा अत्तर लावणाऱ्यास दोषी ठरविण्यास शास्त्राचा आधार नाही. प्रश्न आहे तो मात्रेचा आणि सात्म्याचा.

तिस्रैषणीय अध्यायात घ्राणेंद्रियाचे तीनही विकृत योग सांगितले आहेत. अति तीक्ष्ण, उग्र व अभिष्यंदी गंध अधिक प्रमाणात हुंगणे हा अतियोग. गंध मुळीच न घेणे हा अयोग. आणि कुजका, नकोसा, अपवित्र, विषारी वा शवासारखा गंध घेणे हा मिथ्यायोग होय. यातील सूक्ष्मता लक्षात घेण्यासारखी आहे. अतियोगाच्या व्याख्येत गंध वाईट असावा लागत नाही. चांगला गंधही तीक्ष्ण व अतिमात्र झाला की रोगकारक ठरतो. मिथ्यायोगातील नकोशा गंधाचा उल्लेखही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण कोणता गंध नकोसा हे हुंगणाऱ्यावर अवलंबून असते. एकाला आवडणारा मोगरा दुसऱ्याला द्विष्ट असू शकतो.

शिरोरोगाची कारणे सांगताना (चरक सूत्रस्थान, अध्याय १७) असात्म्य गंधाचे आघ्राण हे रज, धूम, हिम व आतप यांच्या जोडीने आले आहे. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात आगंतु क्षवथूचे कारण म्हणून तीक्ष्ण व कटु पदार्थ फार हुंगणे हे सूर्याकडे पाहण्यासोबत दिले आहे. माधवनिदानात ओषधिगंधज ज्वराची लक्षणे मूर्च्छा, शिरःशूल, वमन व शिंका अशी आहेत. उग्र अत्तराच्या संपर्कानंतर रुग्ण जी तक्रार सांगतो तिच्याशी ही यादी ताडून पाहावी. ज्वर वगळता चित्र फारसे वेगळे नाही. नासा हे शिराचे द्वार आहे हा सिद्धांत नस्य देताना आपण स्मरतो. त्याच द्वारातून औषध जसे शृंगाटकापर्यंत पोहोचते, तसे अपथ्यही पोहोचते.

आधुनिक दृष्टीने

नाकात गंध ओळखणारी नाडी एक आणि दाह, झोंबणे, गारवा यांची संवेदना नेणारी त्रिधारा नाडी दुसरी. सौम्य गंध पहिल्या नाडीपुरता मर्यादित राहतो. तीव्र झाला की तोच गंध दुसऱ्या नाडीलाही चेतवतो आणि मग नाक वाहणे, डोळ्यांत पाणी, शिंका, घशात खवखव व शिरःशूल ही लक्षणे सुरू होतात. यासाठी ॲलर्जी असलीच पाहिजे असे नाही. अतियोग आणि असात्म्य यांतील शास्त्रोक्त भेद येथे नेमका जुळतो : मात्रा पुरेशी वाढली तर कोणालाही त्रास होतो, आणि ज्याला असात्म्य आहे त्याला अल्प मात्राही पुरते.

त्वचेवरील परिणाम मात्र बहुधा खऱ्या ॲलर्जीचे असतात. युरोपीय संघाने २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर २६ गंधद्रव्यांचा नामनिर्देश सक्तीचा केला आणि २०२३ च्या नियमाने ही संख्या ऐंशीच्या वर नेली. या यादीत आपल्या परिचयाचे बरेच काही आहे. लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमल, गुलाब व रोशा गवतातील जिरॅनिऑल, गवती चहातील सिट्रल, संत्र्याच्या सालीतील लिमोनिन, धन्यातील लिनॅलूल ही सारी त्यात आहेत. म्हणून ‘आमचे नैसर्गिक आहे, त्याने काही होत नाही’ हे वाक्य औषधालयाच्या काउंटरवर कोणीही उच्चारू नये. वनस्पतिज असणे हे सात्म्य असण्याचे प्रमाण नव्हे.

वैदर्भीय उन्हाच्या संदर्भात आणखी एक बाब. बर्गमोटसारख्या काही लिंबूवर्गीय तेलांमध्ये असे घटक असतात की, ते त्वचेवर असताना कडक ऊन लागल्यास त्या जागी दाह होऊन काळसर पट्टे उमटतात. मानेच्या बाजूला वा कानामागे ओघळाच्या आकाराचे काळे डाग दिसले तर व्यंग वा कुष्ठाचा विचार करण्यापूर्वी अत्तर कोठे लावता, हा प्रश्न अवश्य विचारावा.

लावणाऱ्याला का कळत नाही?

नाकाला एकाच गंधाची सवय काही मिनिटांतच होते. नंतर तो गंध असूनही जाणवत नाही. रोज तेच अत्तर लावणाऱ्यास तो सकाळीसुद्धा मंद वाटू लागतो आणि तो दोन थेंबांचे चार, चाराचे आठ करत जातो. ओकसात्म्य म्हणजे अभ्यासाने आलेले सात्म्य. त्याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण. त्यामुळे अशा व्यक्तीस बेपर्वा म्हणणे अन्यायाचे ठरते. तिचे नाक तिला खरी मात्रा सांगतच नाही.

परंतु काही व्यक्तींमध्ये यामागे घ्राणशक्तीचा खराखुरा ऱ्हास असतो. वाढते वय, दीर्घकालीन प्रतिश्याय, नासार्श, धूम्रपान, डोक्याला मार ही त्याची नेहमीची कारणे होत. २०२० नंतरच्या कोविड साथीत अनेकांची गंधसंवेदना गेली. काहींची परतताना विकृत होऊन परतली. पार्किन्सनच्या विकारातही कंप दिसू लागण्यापूर्वी काही वर्षे घ्राणशक्ती मंदावू शकते. म्हणून पूर्वी बेताचे अत्तर लावणारे साठीतील गृहस्थ अलीकडे अतिरेक करू लागले आहेत असे घरचे सांगत असतील, तर ती तक्रार हसण्यावारी नेऊ नये. हिंग, कॉफी, लवंग अशा परिचित द्रव्यांच्या बंद कुप्या डोळे मिटवून एकेका नाकपुडीने हुंगावयास देणे ही परीक्षा दोन मिनिटांची आहे. गंधज्ञान नाही असे आढळल्यास नाकाची व गरज भासल्यास मज्जासंस्थेची तपासणी करवून घ्यावी.

गंधाआड दडलेला रोग

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. माणूस अत्तर आवडीने लावतो तसा काही लपविण्यासाठीही लावतो. चरकाचार्यांनी आतुराच्या शरीरातील प्राकृत व वैकृत गंधांची परीक्षा घ्राणाने करावी असे सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी व्रणांचे गंध व अरिष्टसूचक गंध हे नाकाने जाणण्याचे विषय मानले आहेत. अतिसुगंधी रुग्ण समोर बसला की ही परीक्षा बंद पडते. म्हणून प्रश्नपरीक्षेने ती उणीव भरून काढावी लागते.

पुढील शक्यता मनात ठेवाव्यात.

१. अतिस्थौल्यात दौर्गंध्य व स्वेदाधिक्य सांगितले आहे. अशा रुग्णास अत्तर कमी करा असे सांगून भागत नाही. मेदोदुष्टीची चिकित्सा करावी लागते व रक्तशर्करा तपासावी लागते.

२. मुखदौर्गंध्य, दंतमूलगत पूय, खर्ऱ्यामुळे झालेले मुखरोग. विदर्भात खर्ऱ्याचे प्रमाण मोठे आहे. सुगंधाच्या आडून आलेल्या रुग्णाचे तोंड उघडून प्रकाशात पाहावे. पांढरा चट्टा, न भरणारा व्रण वा तोंड पूर्ण न उघडणे यांपैकी काही आढळल्यास पुढील तपासणीस विलंब नको.

३. स्त्रियांमधील दुर्गंधी स्राव. संकोचामुळे ही तक्रार क्वचितच आपणहून सांगितली जाते. दुर्गंधी, रक्तमिश्रित श्वेतप्रदर, संबंधानंतरचा रक्तस्राव किंवा रजोनिवृत्तीनंतरचा स्राव ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात. एखादी नेहमीची रुग्णा अकस्मात फार अत्तर वा सुगंधी पावडर वापरू लागली, तर महिला सहकाऱ्याने एकांतात विचारपूस करावी. ‘ताई, अंगावरून जाते का? वास येतो का?’ इतका साधा प्रश्न एखाद्या जिवाचे वर्ष-दोन वर्षांचे नुकसान टाळू शकतो.

४. वृद्धांमधील मूत्राचा अनैच्छिक स्राव, मधुमेहींच्या पायाचा चिघळलेला व्रण. हेही लाजेपोटी अत्तराने झाकले जातात. पायमोजे काढून पाहावे.

५. मद्यपान. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे मद्यपी रुग्ण मद्य घेतल्याचे सहसा सांगत नाही, आणि त्याचा वास झाकण्याची गरज येथे इतर जिल्ह्यांपेक्षा अधिक भासते. यकृत्-विकार, अपस्मारसदृश झटके, निद्रानाश अशा तक्रारींसोबत उग्र सुगंध असेल तर मद्याचा इतिहास न दुखावता विचारावा. औषधयोजनेच्या दृष्टीनेही हे आवश्यक आहे. वाग्भटाचार्यांनी मद्य प्यालेल्यास प्रतिमर्श नस्याचा निषेध केला आहे आणि आसवारिष्टे देतानाही अशा रुग्णाबाबत विचार करावाच लागतो.

६. कीटकनाशकाची विषबाधा. हा कापसाचा प्रदेश आहे. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना आपल्या स्मरणात आहे. फवारणीनंतर अंगाचा वास जावा म्हणून सुगंधी साबण व स्प्रे वापरून आलेला रुग्ण शिरःशूल, मळमळ व भोवळ सांगतो. ही लक्षणे अत्तराच्या असात्म्याची समजून घरी पाठविणे घातक होय. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या, लाळ व घाम फार, स्नायूंचे फडफडणे यांपैकी काहीही दिसल्यास कपडे उतरवून अंग धुऊन तत्काळ रुग्णालयात रवाना करावे. सेवाग्राम व सावंगी येथील मोठी रुग्णालये देवळीपासून दूर नाहीत.

त्रास होणाऱ्या रुग्णाचे सापेक्ष निदान

‘अत्तराचा वास सहन होत नाही’ हे लक्षण आहे, निदान नव्हे. त्यामागील अवस्था वेगवेगळ्या असतात.

तमकश्वास : गंधानंतर छातीत आवळल्यासारखे होणे, घुर्घुर ध्वनी, उत्तररात्री वाढणारा खोकला. रज, धूम व प्राग्वात यांनीही वेग येत असल्याचा इतिहास मिळतो.

अर्धावभेदक : गंधाचा तिटकारा, प्रकाश व आवाज असह्य होणे, छर्दि. कित्येकदा गंधद्वेष हे वेगाचे कारण नसून वेग सुरू झाल्याचे पहिले लक्षण असते, हे ध्यानात ठेवावे. रुग्ण अत्तरास दोष देतो, परंतु वेग आधीच सुरू झालेला असतो.

वातज प्रतिश्याय : पातळ स्राव, शिंका, पण नाकात खाज व डोळ्यांची लाली फारशी नाही. थंड हवा, मसाल्याची फोडणी यांनीही तसेच होते.

गर्भिणी : पहिल्या तीन महिन्यांतील गंधद्वेष हा बहुधा स्वाभाविक असतो. औषधांपेक्षा घरातील सुगंधी वस्तू हलविणे व लघु, अल्प आहार वारंवार देणे हे पुरते. वजन घटत असेल वा मूत्राचे प्रमाण उतरत असेल तर मात्र दुर्लक्ष करू नये.

त्वग्विकार : मान, कानामागील भाग, मनगट, काख येथे खाज, लाली, स्राव. मर्यादा अत्तराच्या जागेइतकीच.

मानस अवस्था : एकदा दम लागल्याची भीती मनात बसून, गंध नुसता आठवला तरी धडधड होणे. येथे रुग्णाला खोटे ठरवू नये; सत्त्वावजय व प्राणायामाचा अभ्यास उपयोगी पडतो.

चिकित्सा

निदानपरिवर्जन ही प्रथम चिकित्सा, आणि या विकारात ती सर्वांत मोठी चिकित्सा आहे. वेगकाळी रुग्णास मोकळ्या हवेत बसवावे, तोंड व नाकाचा बाह्यभाग साध्या पाण्याने धुवावा, कोमट पाण्याचा गंडूष द्यावा, कपड्यांना गंध लागला असल्यास ते बदलावेत. श्वासाच्या रुग्णास त्याचा नेहमीचा इन्हेलर घेण्यास सांगावे. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील वा ग्लानी येत असेल तर आपली औषधे देत वेळ दवडू नये.

वेग शमल्यानंतर अवस्थेनुसार औषधे योजावीत. प्रतिश्यायात व्योषादि वटी, कफानुबंध असता सितोपलादि चूर्ण, शिंका व कंडू प्रबळ असता हरिद्राखंड. शिरःशूलात पथ्यादि क्वाथ. त्वग्दाहात त्रिफळा क्वाथाने धावन व शतधौत घृताचा लेप ही योजना आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. सोरायसिस वा विचर्चिकेचे निदान झालेल्या जुन्या रुग्णातही अत्तर व सुगंधी तेल बंद केल्याखेरीज औषधाचे यश मोजू नये.

प्रतिबंधासाठी प्रतिमर्श नस्य हा आपल्याकडील खास उपाय आहे. सुश्रुताचार्यांनी घराबाहेर पडताना घेतलेल्या प्रतिमर्शाचा लाभ सांगताना, नासास्रोतस ओलसर राहिल्याने धूळ व धूर यांची बाधा होत नाही असे म्हटले आहे. लग्नसमारंभास वा बसच्या प्रवासास निघण्यापूर्वी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब अणुतैल अथवा गोघृत घालण्यास सांगावे. मात्र दुष्ट प्रतिश्याय असताना, दोष उत्क्लिष्ट असताना व मद्यप्राशनानंतर ते देऊ नये. प्रतिमर्शाने त्रास सौम्य होतो. दम्याचे नियमित औषध थांबविण्याचा परवाना त्यातून मिळत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

एक दक्षता विशेष. गंधासहिष्णु रुग्णास निलगिरी तेल, कापूर, पुदिन्याचा अर्क यांची वाफ वा बाम देण्याचा मोह टाळावा. एका तीक्ष्ण गंधावर दुसरा तीक्ष्ण गंध हा उपाय नव्हे. दोन वर्षांखालील बालकांच्या नाकाजवळ तर कापूर कदापि नको.

लावणाऱ्याशी बोलावे कसे?

येथे औषधापेक्षा वाणीचे काम अधिक आहे. चारचौघांत नाक मुरडणे, पंखा त्यांच्या दिशेने फिरविणे, सहायकाला खूण करणे हे प्रकार वैद्याच्या शालीनतेस शोभत नाहीत. गाव लहान असते. दुखावलेला माणूस परत येत नाही, आणि वर पाहिल्याप्रमाणे कदाचित त्यालाच चिकित्सेची सर्वाधिक गरज असते. वडीलधाऱ्यांना एकांतात असे म्हणता येते : ‘काकाजी, अत्तर उंची आहे, ते वासावरूनच समजते. पण बाहेर दम्याच्या दोन बाया बसल्या आहेत, त्यांना हा वास चालत नाही. पुढल्या खेपेला दवाखान्यात येताना तेवढे टाळाल का?’ यात वस्तूची निंदा नाही, माणसाची तर नाहीच. कारण सांगितले आहे व विनंती केली आहे. बहुतेक जण ती आनंदाने मानतात. त्या दिवसापुरती त्यांची तपासणी आधी आटोपून त्यांना मोकळे करणे हाही सोपा मार्ग होय.

नेहमीची सवय मोडावयाची असेल तर चरकाचार्यांचा पादांशिक क्रम येथे उत्तम लागू पडतो. अहितकर अभ्यास एकदम न सोडता चतुर्थांशाने कमी करीत जावा, मध्ये अंतर ठेवावे. आठ फवारे मारणाऱ्याने काही दिवस सहा, मग चार, मग दोन असे उतरावे. घरातील एका व्यक्तीस परीक्षक नेमावे. हात लांब केल्यावर समोरच्यास वास यावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे, हे स्थूल मान पुरेसे आहे. दर दोन-तीन दिवसांनी गंध बदलावा किंवा एक दिवस खंड द्यावा, म्हणजे नाकाची जाणीव परत येते. अत्तर त्वचेऐवजी रुमालाच्या कोपऱ्यास लावावे व गर्दीच्या जागी तो रुमाल खिशात ठेवावा. हळदीकुंकवाला अत्तर-गुलाबपाणी देण्याची आपली पद्धत यादृष्टीने आदर्श आहे : मनगटावर एक बोट, तेही समोरच्याने हात पुढे केल्यावरच.

सूतिका व तान्ह्या बाळाच्या खोलीत कोणताही उग्र सुगंध नसावा. नवजात बालक आईच्या अंगाच्या स्वाभाविक गंधाने स्तन शोधते. तो गंध झाकला जाऊ नये, हे भेटीस येणाऱ्या आप्तांनाही सांगावे.

आपले चिकित्सालय व औषधालय

परदेशांत हा विषय नियमांपर्यंत पोहोचला आहे. कॅनडातील हॅलिफॅक्स शहरात १९९० च्या दशकापासून रुग्णालये व शाळांमध्ये सुगंधरहित धोरणे आली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी तसे धोरण स्वीकारले. डेट्रॉइट शहराच्या प्रशासनाने सहकाऱ्याच्या सुगंधाने त्रस्त झालेल्या एका कर्मचारी महिलेला २०१० मध्ये एक लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. आपल्याकडे नियमांची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या चार भिंतींपुरता निर्णय आपणच घेऊ शकतो. त्यासाठी काही सूचना.

१. वैद्याने व सहायकांनी कामाच्या वेळी अत्तर लावू नये. सुश्रुताचार्यांनी वैद्याचा वेश शुभ्र, स्वच्छ व भपका नसलेला असावा असे सांगितले आहे. ज्याच्या नाकाने रुग्णाचे गंध ओळखावयाचे, त्याने ते स्वतःच्या सुगंधाने बधिर करू नये.

२. प्रतीक्षाकक्षातील उदबत्ती, धूप व रूम फ्रेशनर बंद करावेत. गुग्गुळ-वेखंडाचे धूपन करावयाचे असल्यास चिकित्सालय बंद झाल्यावर करावे व सकाळी दारे उघडून हवा खेळू द्यावी. धूर हाही शास्त्रानुसार श्वासाचा हेतूच आहे.

३. कूलर असताना समोरची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत कूलर गंध बाहेर न टाकता कोंडतो. वाळ्याचा अर्क पाण्यात घालू नये.

४. दम्याच्या रुग्णांसाठी दाराजवळची, वाऱ्याच्या बाजूची बैठक राखावी. ‘येथे श्वासाचे रुग्ण येतात. कृपया उग्र सुगंध टाळावा.’ अशी पाटी प्रवेशाजवळ लावावी.

५. औषधालयात कच्ची द्रव्ये व सुगंधी प्रसाधने एका कपाटात ठेवू नयेत. जटामांसी, तगर, नागरमोथा, हिंग यांची पारख निम्मी नाकावर असते. घृत व तैल शेजारचा गंध ओढून घेतात. स्नेहपाक सिद्ध झाल्याचे एक लक्षण इष्ट गंधाची उत्पत्ती हे आहे. पाक पाहणाऱ्या कामगाराच्या अंगालाच अत्तर असेल तर ती परीक्षा निरर्थक होते.

६. सुगंधी तेल वा उटणे विकताना ग्राहकास पूर्वी कशाने पुरळ आले होते काय, हे विचारावे. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून दोन दिवस पाहण्यास सांगावे. वेष्टनावर केवळ ‘परफ्यूम’ इतकेच लिहिलेले असेल तर संवेदनशील ग्राहकास ते देऊ नये. गंधविरहित तिळतेल व साधे घृत नेहमी साठ्यात असावे.

उपसंहार

गंधाचा अतियोग हा विषय वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. परंतु त्यात दम्याच्या रुग्णाचा श्वास, अर्धावभेदकाच्या रुग्णाचा दिवस आणि अत्तराआड दडलेल्या एखाद्या गंभीर व्याधीचे वेळीच होणारे निदान गुंतलेले आहे. घ्राणपरीक्षा हे आपल्या शास्त्राने आपल्या हाती दिलेले, खर्च नसलेले साधन आहे. ते कार्यक्षम ठेवावयाचे तर आपले नाक, आपली खोली आणि आपले औषधालय प्रथम गंधभारातून मोकळे असले पाहिजे. वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या रुग्णपत्रकात ‘गंध-असात्म्य’ असा एक रकाना वाढवावा आणि प्रत्येक जुन्या प्रतिश्याय, श्वास, शिरःशूल व त्वग्विकाराच्या रुग्णास त्याविषयी एक प्रश्न विचारावा, इतकीच या लेखाच्या निमित्ताने विनंती.